तुमच्या नावावर राहिलेली माझी चूक

मॅडम,

तुमच्या तेरवीला मी मांडवाच्या अगदी शेवटच्या रांगेत बसलो होतो. पुढं बसायला कुणी ना म्हटलं नसतं, पण पुढं नातेवाईक होते, आणि मी तुमचा कोण हे मलाच सांगता येईना. तुमच्या धाकट्या भावानं विचारलं, "आपण?" मी म्हटलं, "शाळेतला." त्यानं हात जोडले आणि पंगतीत जागा दाखवली. अकरा वर्षं एक शाळा, दोनच शिक्षक, रोज एका टेबलाशी समोरासमोर डबा. आणि शेवटी "शाळेतला" एवढंच निघालं तोंडातून. मला राग आला. तुमच्या भावाचा नाही, तुमचाच. असं अचानक उठून जायचं होतं, तर निदान मी कोण ते कुणाला तरी सांगून जायचं होतं.

तांड्यातून दोन गाड्या भरून माणसं आली होती. जे ऊसतोडीला गेलेत ते सोडून सगळे. बायांनी मांडवाच्या तोंडाशीच गळा काढला, तर तुमच्या दिग्रसच्या शेजारणी दचकून बघायला लागल्या. पहिलीतली पोरं गोंधळून तुम्हाला 'याडी' म्हणायची, आणि मग आपण बाईंना आई म्हटलं म्हणून जीभ चावायची, त्यातली दोन-तीन आता मिशा फुटलेली पोरं होऊन पंगतीत वाढत होती. एकच माणूस आला नाही. रामधन राठोड. तो गावातच होता, तुरी काढत होता. तो का आला नाही हे तांड्याला ठाऊक आहे, असं तांड्याला वाटतं. खरं कारण दोघांनाच ठाऊक होतं, एक तुम्ही आणि एक मी. आता एकटा मीच उरलो.

शाळेचं विचाराल तर चालू आहे. चार वर्ग आणि मी. केंद्रप्रमुख म्हणाले, दुसरा शिक्षक देतो, थोडं धकवा. मी धकवतोय. पहिली-दुसरीला पाढे लावून तिसरी-चौथीकडं येतो, तोवर पहिली मारामारी करते. तुमची खुर्ची हलवलेली नाही. भावनेनं वगैरे नाही. खोल्या दोनच, हलवून ठेवायची कुठं? डबा मात्र मी आता व्हरांड्यात उभ्यानंच खातो. त्या टेबलाशी बसलो की घास उतरत नाही. इतकी वर्षं जेवताना भांडायची सवय लागलेली, आता माझं म्हणणं खोडून काढायला समोर कुणी नाही.

आपलं पहिलं भांडण हजेरीवरून झालं होतं. दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊसतोडीला निघायचा, आईबापांबरोबर पोरंही जायची. समोर वीस-पंचवीस डोकी उरायची. आणि तुम्ही रोज परिपाठ झाला की सगळा पट वाचायच्या, गेलेल्या पोरांची नावंसुद्धा. ज्याचं नाव घेतलं त्याच्या शेजारच्या पोरानं उत्तर द्यायचं, "हाय बाई, पन दूर हाय!" मग तुम्ही विचारायच्या, कुठं हाय, कसा हाय? आणि ते पोरगं घरच्या फोनवर ऐकलेलं सांगायचं. तिकडं त्याला खोकला झाला. तिकडं बैलानं पायावर पाय दिला. राहायच्या पाचटाच्या कोपीत साप निघाला. सगळा वर्ग कान टवकारून ऐकायचा. रजिस्टरात मात्र तुम्ही त्या पोरांपुढं गैरहजरच मांडायच्या, त्यात खोटं एक अक्षर नसायचं.

मी नवा होतो, तोंडाळ होतो. म्हटलं, "मॅडम, हे हजेरी हाय का आरती?"

"आरतीच समजा," तुम्ही मान वर न करता म्हणालात. "पन प्रसाद नाई भेटनार."

मी नियम दाखवला. सतत गैरहजर असलेल्या मुलाचं नाव पटावरून कमी करायचं असतं. तुम्ही म्हणालात, दुसऱ्या शाळेनं दाखला मागितला की त्या दिवशी कमी करीन. तोवर ते पोरगं आपलं. मी चिडलो. खरं सांगतो मॅडम, तुमच्यावर नाही, माझ्याच माणसांवर चिडलो होतो. मीही पुसदकडच्या तांड्यातला. माझे आईबापही कोयता घेऊन जायचे, पण त्यांनी मला कधी नेलं नाही, आजीजवळ ठेवलं, म्हणून मी मास्तर झालो. मग यांना का जमत नाही, असा माझा हेका. तुम्ही ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "तुमाले आजी होती, सर. ज्याले आजी नाई त्यानं काय करावं?" उत्तर सुचलं नाही की मी जास्त चिडतो हे तुम्हाला पहिल्या वर्षीच कळलं होतं.

आता त्या गोष्टीकडं येतो. इतकी वर्षं टाळली.

तुमचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही तीन आठवडे रजेवर गेलात. शाळेचा ताबा माझ्याकडं. त्यातच तपासणी येणार असा निरोप आला. मला वाटलं, चला, आता शाळा कशी चालवतात ते दाखवू. एका दुपारी पोरं गेल्यावर मी पट उघडला, पट्टी घेतली, आणि ऊसतोडीला गेलेल्या अकरा पोरांच्या नावांवर लाल शाईनं रेघ मारली. पुढं शेरा: सतत गैरहजर. रेघा इतक्या सरळ आल्या की मी जरा वेळ बघत बसलो. तपासणी आलीच नाही.

आली ती सपना. रामधनची पोरगी, चौथीतली. तिची आई कारखान्यावर तापानं पडली म्हणून ते कुटुंब हंगाम अर्ध्यावर टाकून परतलं होतं. शनिवार होता. आखूड झालेला युनिफॉर्म, तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या, हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. ती आपल्या जागेवर येऊन बसली. मी हजेरी घेतली. तिचं नाव यायचं तिथं आलं नाही. तिला वाटलं, सर विसरले. हात वर करून म्हणाली, "सर, मी हाय. दूर नाई, हितंच हाय."

मी काय करायला हवं होतं, हे कुठल्याही दुसरीतल्या पोरानं सांगितलं असतं. मी म्हणालो, "तुझं नाव कापलं आहे. बापाला घेऊन ये."

तिनं एकदा वर्गाकडं पाहिलं. पाटी-दप्तर उचललं आणि गेली. रडली नाही. रडली असती तर मी कदाचित उठलो असतो.

सोमवारी तुम्ही रुजू झालात, पोटावर हात धरून चालत. तुम्ही खुर्चीत बसता न बसता रामधन दारात. तो ओरडला नाही, हेच वाईट होतं. म्हणाला, "बाई, पोरगी माही जित्ती हाय. दोन दिसापासून जेवली नाई. तिचं नाव कापाचा हुकूम कोनाचा?"

तुम्ही पट ओढला. लाल रेघा पाहिल्या. माझं अक्षर तुम्हाला ओळखू येत नव्हतं असं थोडंच होतं. मी फळ्याशी खडू घेऊन उभा, चार पावलांवर. तुम्ही पट मिटलात आणि म्हणालात, "शाळा माही हाय, रामधनभाऊ. हुकूम माहाच. चुकलं माहं. सपनाले पाठवा, म्या आत्ता नाव लिवीन."

"तुमच्यावर लय भरवसा होता," रामधन म्हणाला. "आता माही पोरगी ह्या शाळेत येनार नाई." आणि निघून गेला.

मी एक शब्द बोललो नाही. खडू हातात होता तसाच होता.

दुपारी तुम्ही डबा उघडलात. मी बोलणी खायच्या तयारीनं बसलो होतो. बोलणी खाल्ली असती तर हिशेब मिटला असता. तुम्ही भाकरी मोडून ठेचा पुढं सरकवलात आणि म्हणालात, "तुमी तांड्यातले, सर. तुमच्यावरचा तांड्याचा भरवसा गेला तर तो वापस येनार नाई. माह्यावरचा म्या आनीन वापस." नंतर तुम्ही अकराही नावं पुन्हा लिहिलीत, तुमच्या हातानं. मला लिहायला लावली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून तुम्ही रामधनच्या घरी जायला लागलात. शाळा सुटली की मी एसटी पकडायचो, आणि खिडकीतून तुम्ही तांड्याच्या आतल्या बाजूला वळताना दिसायच्या, छत्री घेऊन. ऑपरेशनचे टाके अजून दुखत असणार. पहिले आठ दिवस म्हणे कुणी बाहेर आलं नाही. तुम्ही ओट्यावर एकट्या बसायच्या आणि उठून यायच्या. नवव्या दिवशी सपना दारात उभी राहिली. मग पुस्तक घेऊन आली. बाप अंगणात तुमच्याकडं पाठ करून बसायचा, हे सगळं मला पोरांकडून कळायचं. पुढं शाळा सकाळची झाली, तर तुम्ही भर दुपारी जायला लागलात. मी एसटीत सावलीची बाजू बघून बसायचो.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी सपना एकटीच आली. तिनं चौथी पुन्हा केली, तुम्ही तिला दिग्रसच्या वसतिगृहात घातलंत, आता ती दहावीला आहे. पण रामधन शाळेची पायरी पुन्हा चढला नाही. झेंडावंदनाला तो कुंपणाच्या बाहेर उभा राहायचा, झेंडा वर गेला की टोपी सारखी करून निघून जायचा. तुम्ही दर वेळी हात जोडायच्या. त्यानं कधी जोडले नाहीत.

कोरोनाची दोन वर्षं आठवतात? तुम्ही ओट्या-ओट्यावर चार-चार पोरं बसवून शाळा चालवलीत, आणि जी कुटुंबं कारखान्यांवर अडकून पडली होती त्यांची हजेरी फोनवर घेतलीत. मी पुसदला घरात बसून होतो, घाबरलेला. दुसऱ्या लाटेत माझा मोठा भाऊ गेला. पाच दिवसांत गेला. त्याला नीट पाहताही आलं नाही. त्यानंतर मी कुणाशी बोलेना, बायकोशीही नाही. एक दिवस सकाळी दहाला तुमचा फोन आला. "चव्हाण सर, हजर?" मी म्हटलं, "हजर." तुम्ही फोन ठेवलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहाला तेच. सांत्वनाचा एक शब्द नाही. शाळा पुन्हा उघडेपर्यंत हे चाललं, रविवारीसुद्धा. मी एकदा वैतागून म्हणालो, "मॅडम, रविवारी तरी सुट्टी द्या." तर म्हणालात, "रविवारी तुमी कोठं गेले तर मले कसं समजल?" त्या फोनसाठी मी अंघोळ करून, शर्ट घालून बसायला लागलो होतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तेव्हा तुमचे आभार मानायचे राहिले. आता मानतो. कुणाला मानतोय कोण जाणे.

आणि एवढं सगळं करणाऱ्या बाईला मी काय म्हणालो? दोन वर्षांपूर्वीच्या सव्वीस जानेवारीला रामधन कुंपणाशी उभा होता. तो गेल्यावर माझं डोकं फिरलं. म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी माझी चूक तुमच्या अंगावर घेऊन तुम्ही मला लहान केलं."

तुम्ही झेंड्याची दोरी गुंडाळत होतात. म्हणालात, "मंग व्हा ना मोठे. म्या कोठं अडवलं?"

मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही दोन्ही दिवस माझ्यापुढं तुमच्या डब्यातली चटणी ठेवलीत. हे भांडण अर्धवटच राहिलं आपलं. मला अजून वाटतं, तुम्ही चुकलात. माणसाला त्याच्या चुकीपासून वाचवलं की ती चूक जुनी होत नाही, तिथंच राहते. पण तुम्ही चूक कबूल केली नसती तर मी त्या तांड्यात टिकलो नसतो, हेही खरं. दोन्ही खरं कसं असेल, यावर तुम्ही काहीतरी म्हणाला असतात. काय म्हणाला असतात हे मला सुचत नाही, आणि सकाळपासून तेच शोधतोय.

माझं ठरलं होतं मॅडम. मे महिन्यात तुमची निवृत्ती. निरोपाच्या कार्यक्रमाला सगळा तांडा येणार, रामधनही कुंपणापाशी येईलच. तेव्हा माइक हातात घेऊन सगळं सांगायचं. भाषण डोक्यात तयार होतं. त्या भाषणात मी बराच चांगला माणूस दिसत होतो. सगळे टाळ्या वाजवत होते, तुम्ही डोळे पुसत होतात. आणि तुम्ही डिसेंबरातच गेलात.

म्हणून काल शाळा सुटल्यावर मी एसटी सोडून दिली आणि रामधनकडं गेलो.

तो अंगणात तुरी बडवत होता. मी उभ्यानंच सांगितलं. रजा, लाल शाई, पट्टी, शनिवार, सगळं. आम्ही आमच्या बंजारा बोलीत बोललो. तुम्हाला ती अर्धीच कळायची, म्हणून तुमच्या वऱ्हाडीत लिहितो.

तो बडवायचा थांबला. काठी हातात धरून माझ्याकडं वळला. मला वाटलं, मारतो. मारलं असतं तरी चाललं असतं.

"तुमी कापलं होतं?"

"हो."

"आन बाई माह्यासमोर म्हने, माहा हुकूम."

"हो."

"तवा तुमी कोठं होते?"

"तिथंच. फळ्यापाशी."

तो ओट्यावर बसला. तोंडावरून पंचा फिरवला. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागला. "अडीच महिने आली ते बाई. शिमगा गेला, चैत गेला. भर उन्हात ह्या ओट्यावर बसे. म्या घरात सांगून ठेवलं होतं, इले कोनी पानी देलं तर याद राखा. माही बायको रडे, म्हने एक गिलास नेऊ द्या. म्या नाई नेऊ देलं. बाईनं बी कधी मांगलं नाई. पोरीले शिकवे आन उठून जाय." त्यानं पंचा खांद्यावर टाकला. "आमच्या तांड्यात दारी आलेल्या दुश्मनालेबी पानी देते, सर. तुमाले मालूम हाय."

मला मालूम होतं. मी त्याच पाण्यावर वाढलोय.

"तेरवीले बी नाई आलो," तो म्हणाला. मग एकदम माझ्याकडं पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "तुमी आता सांगून राह्यले. सहा-सात वर्सानं. बाई मेल्यावर. तुमचं ओझं उतरलं असन. आता म्या कोनाले पानी देऊ?"

मॅडम, मी इतका विचार करून गेलो होतो. तुमच्या नावावरचा डाग पुसायचा, रामधनच्या शिव्या खायच्या, मोकळं व्हायचं. त्या माणसाच्या हातून तुमच्याशी वागणं नीट करायची वेळ मी केव्हाच घालवून बसलो आहे, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तुम्ही होतात तोवर मी एकदा तोंड उघडलं असतं, तर तो धावत तुमच्याकडं आला असता. तुम्ही हसला असतात, त्याला खुर्ची दिली असतीत. ते सगळं मी अडवून धरलं होतं, रोज, एसटीच्या खिडकीत बसून.

तो उठला आणि पुन्हा तुरी बडवायला लागला. मला जा म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही. मी ओट्यावर बसलो. गुरं परत येईपर्यंत बसलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता, त्याची बायको दोनदा दारापर्यंत येऊन परत गेली. मला पाणी कुणी विचारलं नाही, आणि मी मागितलं नाही.

आज शाळा सुटली की परत जाणार आहे.